शास्त्रांचे अनुबंध आणि आजचीं संकल्पपत्रें

विद्यापीठें, संशोधनसंस्था व व्यवसायशिक्षणाचीं मंडळें यांच्यापुढें कोणतेंहि नवें काम मांडावयाचें म्हणजे आधीं दोनचार पानांचा एक कागद द्यावा लागतो. त्यास 'कन्सेप्ट पेपर' असें नांव रूढ झालें आहे. मराठींत कोणी संकल्पना-पत्र म्हणतात. आम्ही प्रस्तुत लेखांत संकल्पपत्र हा सुटसुटीत शब्द योजितों. विषय कोणता, प्रश्न कोणता, पद्धति कोणती, फळ काय व खर्च किती, एवढे रकाने भरले कीं तें पुरें झालें असें समजतात. रकाने बहुधा सर्वांस सारखेच. व्याकरणाचा अभ्यासक, वैद्य, गवंडीकामाचा शिक्षक आणि जुनीं पानें सांधणारा कारागीर या चौघांनींहि एकाच साच्यांत आपलें मनोगत ओतावें अशी अपेक्षा असते, आणि मग तीं पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून परीक्षक गुण देतात. हस्तलिखितांच्या जतनासंबंधाचीं अशीं कांहीं पत्रें मध्यंतरीं आमच्याकडे अभिप्रायार्थ आलीं. तीं वाचतांना जो विचार सुचला तो या त्रैमासिकाच्या वाचकांच्या घरच्याच ठेव्याशीं निगडित असल्यामुळें येथें मांडतों.

ग्रंथाच्या आरंभीं त्याचे अनुबंध सांगावे हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. सदानंदाच्या वेदान्तसारांत अधिकारी, विषय, संबंध व प्रयोजन असे चार अनुबंध स्पष्ट गणले असून त्यांतहि अधिकाऱ्याचें लक्षण सर्वांत विस्तारानें दिलें आहे. कुमारिलभट्टाचें श्लोकवार्तिकांत म्हणणें असें कीं, प्रयोजन कळल्यावांचून कोणी कशास हात घालीत नाहीं. विशेष हा कीं, हा नियम सांगतांना त्यानें शास्त्राच्या जोडीस 'कर्म'हि घेतलें आहे. म्हणजे पढण्याची विद्या आणि हातांची विद्या या दोहोंस आरंभींचा प्रश्न एकच विचारावा, असें मीमांसकाचें मत दिसतें. आजचा साचा नकळत कुमारिलाचाच अनुयायी होय. परंतु प्रत्यक्ष ग्रंथ उघडून पाहिले तर निरनिराळ्या शास्त्रांनीं हा नियम सारखा पाळलेला नाहीं, आणि न पाळण्यांतच त्यांचें शहाणपण आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम व्याकरण घेऊं. पतंजलीच्या महाभाष्यांतील पस्पशाह्निक म्हणजे शुद्ध विद्याशास्त्राच्या संकल्पपत्राचा उत्तम नमुना. कै. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्या मराठी भाषांतरामुळें तें संस्कृत न जाणणाऱ्यांसहि सुगम झालें आहे. विषय एका वाक्यांत सांगून पतंजलि प्रयोजनांकडे वळतो आणि तेथें चांगलाच रेंगाळतो. वेदांचें रक्षण, ऊह, आगम, लाघव व असंदेह हीं मुख्य पांच सांगून झाल्यावरहि त्याचें समाधान होत नाहीं. तो आणखी प्रयोजनांची माळ ओवितो. हा विस्तार कशासाठीं, याचें उत्तर त्यानें स्वतःच देऊन ठेविलें आहे. पूर्वीं उपनयन होतांच विद्यार्थी व्याकरण शिकत. आतां वेद पाठ करून लगबगीनें वक्ते होतात आणि म्हणतात कीं वैदिक शब्द वेदांतून कळले, लौकिक शब्द लोकांतून कळले, मग व्याकरणाचें कामच काय? अशा नाखूष शिष्याकरितां प्रयोजनें सांगावीं लागतात. पद्धतीविषयींहि त्याचा विचार नेटका आहे. एकेक शब्द घोकून भाषा पुरी होत नाहीं. बृहस्पतीसारखा सांगणारा आणि इंद्रासारखा ऐकणारा असूनहि सहस्र दिव्य वर्षांत शब्दांचा अंत लागला नाहीं. म्हणून उत्सर्ग व अपवाद यांचा मार्ग धरावा. दुसरी पद्धति कां टाकली हें सांगितल्यावांचून आपली पद्धति न मांडणें, ही शिस्त आजच्या पत्रांत क्वचितच आढळते. मात्र व्याकरण सांगणारा कोण असावा, त्याच्यापाशीं काय सामग्री असावी, याचा विचार पतंजलि या प्रकरणांत फारसा करीत नाहीं. त्याला त्याची गरज भासत नाहीं.

आतां वैद्यकाकडे वळावें. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत कार्य आरंभण्यापूर्वीं परीक्षावयाच्या दहा गोष्टी दिल्या आहेत. कारण म्हणजे कर्ता, अर्थात् वैद्य. करण म्हणजे औषध. कार्ययोनि म्हणजे धातूंचें वैषम्य. कार्य म्हणजे धातूंचें साम्य. कार्यफल म्हणजे सुख. अनुबंध म्हणजे आयुष्य. त्यानंतर देश, काल, प्रवृत्ति आणि उपाय. देशांत भूमीबरोबर रोग्याचाहि समावेश आहे, आणि कालांत ऋतूबरोबर रोगाच्या अवस्थेचा. (अनुबंध हा शब्द येथें मागाहून जोडून येणाऱ्या परिणामासाठीं आहे, वेदान्त्यांच्या चार अनुबंधांसाठीं नव्हे, सूची करणारांनीं ही गल्लत टाळावी.) या यादीचा क्रम पहावा. पहिला मान कर्त्याचा, दुसरा साधनाचा. फळ पांचव्या जागीं. रोग बरा करावा कीं न करावा असा संशय कोणाच्या मनांत नसतो. संशय असतो तो बरा करूं म्हणणाऱ्याविषयीं. त्याच अध्यायाच्या आरंभीं, वैद्य होऊं इच्छिणाऱ्यानें आधीं शास्त्र पारखावें, मग आचार्य पारखावा, आणि आचार्यानें शिष्य पारखावा, असें सांगितलें आहे. परीक्षा सर्वांची आहे.

सूत्रस्थानांतील पंधरावा, उपकल्पनीय नांवाचा अध्याय तर आजच्या अंदाजपत्रकाचा पूर्वजच म्हणावा. वमन-विरेचन देण्यापूर्वीं काय काय जमवावें याची ती यादी आहे. भक्कम व वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित घर, त्यांत स्नानगृह, शौचकूप व स्वयंपाकघर. रांधण्यांत, न्हाऊं घालण्यांत, अंग रगडण्यांत कुशल परिचारक. गाणारे व कथा सांगणारे. लावे, तित्तिर, ससे. जिवंत वासराची दुभती गाय. भांडीं, अंथरुणें, पाटे-वरवंटे. वाचतांना हंसूं येतें, परंतु ही यादी नुसत्या हौसेची नाहीं. अग्निवेश तेथेंच शंका काढतो कीं, योग्य औषध योग्य रीतीनें दिलें तर गुण यावयाचाच. मग हा पसारा आधीं कशाला? आत्रेयाच्या उत्तराचा आशय असा कीं, माणसामाणसांत सूक्ष्म भेद असतात, उपद्रव अचानक उद्भवतो, आणि त्या घटकेस बाजारांत वस्तु विकत मिळत असली तरी ती वेळेवर हातीं येणें सोपें नसतें. म्हणजे खर्चाचा प्रत्येक आंकडा कोणत्या तरी संभाव्य विघ्नाशीं बांधलेला आहे. इतकेंच करून तो थांबत नाहीं. सर्वच माणसांपाशीं सर्व सामग्री नसते हें मान्य करून, आपत्तींत सांपडलेल्या दरिद्री रोग्यानें जें मिळेल त्यावर कसें भागवावें याचीहि वाट त्यानें ठेविली आहे. खर्चाचे रकाने भरलेलीं पुष्कळ पत्रें आम्हीं पाहिलीं. मंजुरी निम्मीच मिळाली तर काम कोणत्या रूपानें चालेल, हें सांगणारें पत्र आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

शिल्पशास्त्राची गोष्ट याहून बोलकी आहे. भोजाच्या नांवावरील समरांगणसूत्रधारांत स्थपतीचें लक्षण शास्त्र, कर्म, प्रज्ञा व शील या चार अंगांनीं केलें आहे. केवळ शास्त्र जाणणारा पण हातानें न केलेला मनुष्य कामाच्या वेळीं रणांगण पाहणाऱ्या भित्र्यासारखा गांगरतो. आणि केवळ हातकाम जाणणारा आंधळ्याप्रमाणें दुसऱ्याच्या आधारानें चालतो, असें तेथें म्हटलें आहे. यांतील पहिला विचार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, तिसऱ्या अध्यायांत, जवळजवळ त्याच शब्दांत आला आहे. फरक एवढाच कीं, सुश्रुताचा गांगरणारा रोग्यापुढें गांगरतो आणि भोजाचा क्रियेच्या वेळीं. सुश्रुतानें तर या दोन अर्धवटांस एका पंखाच्या पक्ष्यांची उपमा दिली आहे. दोन अगदीं भिन्न व्यवसायांनीं एकच श्लोक वांटून घ्यावा, आणि तो प्रयोजनाचा नसून अधिकाराचा असावा, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. घर कशाला हवें असें गवंड्यास कोणी विचारीत नाहीं. तें अंगावर पडणार नाहीं ना, एवढेंच विचारतात.

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक शास्त्र आपल्या श्रोत्याच्या मनांत जेथें संशय आहे तेथेंच आपले शब्द खर्च करतें. व्याकरणाच्या उपयोगाविषयीं संशय, म्हणून तेथें प्रयोजनाचा विस्तार. चिकित्सक व स्थपति यांच्या योग्यतेविषयीं संशय, म्हणून तेथें कर्ता, साधन व शील यांचा विस्तार. संकल्पपत्रांची तुलना करणारानें आधीं या संशयाचें स्थान शोधावें. तें न शोधतां रकान्यास रकाना लावून मोजणें म्हणजे धान्य मापण्याच्या मापानें कापड मोजणें होय.

आपल्या प्रांतांतील दोन उदाहरणें या दृष्टीनें पाहण्याजोगीं आहेत. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शके ११२८ (इ. स. १२०७) चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांच्यामुळें प्रकाशांत आला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणि वगैरे ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याची ही नोंद. वंशाचें व विद्येचें वर्णन संस्कृत श्लोकांत आहे. परंतु पेठेंतील मालावर व घाण्याच्या तेलावर मठास काय हिस्सा द्यावयाचा, हें सांगण्याची वेळ येतांच लेख मराठींत उतरतो. जो भाग ज्यानें अंमलांत आणावयाचा, तो त्याला कळेल अशा भाषेंत, हें भान तेथें दिसतें. उलट रघुनाथपंताचा राजव्यवहारकोश. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें, यावनी शब्दांनीं झांकोळलेल्या राजभाषेचें शुद्धीकरण करण्यासाठीं तो रचिला, हें प्रयोजन आरंभींच उत्तम सांगितलें आहे. दहा वर्गांची योजनाहि सुरेख. परंतु अधिकाऱ्याविषयीं तो काय म्हणतो? अडाण्यांनीं थट्टा केली म्हणून काय झालें, उंटाला केळें कोठें रुचतें! वचन चटकदार आहे, पण ज्या कारकुनांनीं हे शब्द रोजच्या कागदांत घालावयाचे ते बहुतेक या उंटांतच मोडणारे. पुढील काळांत फारसीचा भरणा ओसरला हें खरें असलें, तरी पेशवे दफ्तराचा कोणताहि रुमाल सोडावा; फडणीस, जमाबंदी, रोजकीर्द हे आपल्या जागीं बसलेले आढळतील. याचें सारें खापर आम्ही त्या एका श्लोकावर फोडीत नाहीं, परंतु प्रस्तावांतच ज्याला वगळलें त्याच्या हातून काम होण्याची आशा थोडीच.

आतां हस्तलिखितांच्या पत्रांविषयीं. इ. स. २००३ मध्यें राष्ट्रीय पांडुलिपि मिशन निघालें. इ. स. २०२५ च्या अर्थसंकल्पांत ज्ञानभारतम् या नांवानें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी व जतन करण्याची घोषणा झाली. पोथ्या जपाव्या कीं न जपाव्या हा वाद या देशांत तरी उरलेला नाहीं. असें असतां आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांत पहिलीं दोन पानें प्राचीन ठेव्याच्या थोरवीनें भरलेलीं होतीं, आणि पोथीला हात कोण लावणार याविषयीं 'प्रशिक्षित कर्मचारी नेमण्यांत येतील' ही एकच ओळ. हा पतंजलीचा साचा भलत्या ठिकाणीं वापरणें झालें. येथें संशय कर्त्याविषयीं आहे. कागदी देवनागरी पोथ्यांत पत्रांक बहुधा पानाच्या पाठीवर असतो हें ज्यास ठाऊक नाहीं, तो छायाचित्रें घेतांना अंकाची बाजू पुढची समजून संबंध पोथीचा पाठ उलटासुलटा करून ठेवतो. लेखकानें चूक झांकण्यासाठीं लाविलेली हरताळ ज्यास ओळखतां येत नाहीं, तो तिला डाग समजून पुसावयास जातो. हरताळेबरोबर वर लिहिलेली दुरुस्तीहि जाते. अशी हानि दुसऱ्या कोणत्याहि उपायानें भरून निघत नाहीं.

या सर्वांत एकच पत्र निराळें होतें. तें पानें सांधणाऱ्या एका कारागिराचें. प्रयोजन अर्ध्या ओळींत. बाकी सारा मजकूर खळ कशी शिजवावी, पावसाळ्यांत तिला बुरशी कां धरते, ओल लागतांच फुटणारी शाई आधीं कशी पारखावी, आणि कोणत्या प्रकारचीं पानें तो हातांतच घेणार नाहीं, यांविषयीं. न जमणाऱ्या कामाची कबुली देणारें तें एकच पत्र. चरकाचीं दहा अंगें लावून पाहिलीं तर त्यांतील आठ तरी त्यांत सांपडलीं. परीक्षकांनीं त्यास 'उद्दिष्टें अस्पष्ट' असा शेरा देऊन खालचा क्रमांक दिला.

सार्वजनिक पैशाचा व्यवहार असल्यामुळें साचा एक असावा, नाहीं तर वशिल्यास वाव मिळतो, असा आक्षेप येईल. तो निराधार नाहीं. पण साचा एक ठेवूनहि रकान्यांचें वजन कामाप्रमाणें बदलतां येतें, आणि कर्ता, करण, देश, काल हे रकाने त्यांत घालण्यास कोणाची आडकाठी आहे? इ. स. २०१३ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यांत व्यवसायागणिक काय करतां आलें पाहिजे हें सांगण्याची रीति आहेच. विद्यापीठांनीं ती पोथ्यांच्या कामापुरती उसनी घेतली तर कमीपणा नाहीं.

संग्राहकांसहि एक विनंति. सूचींत आपण ग्रंथाचा आदि व अंत उतरून घेतों. आदि म्हणून बहुधा मंगलाचा श्लोकच घेतला जातो आणि त्यापुढचे अनुबंधाचे श्लोक राहून जातात. पोथीचें पहिलें-दुसरें पान बाहेरचें असल्यामुळें सर्वांआधीं झिजतें, तेव्हां हे श्लोक आज न उतरले तर उद्यां मिळावयाचे नाहींत. विशेषतः शिल्प, अश्ववैद्यक, रसक्रिया, पाकशास्त्र अशा हातकामाच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कर्त्याचें लक्षण सांगणारा भाग पत्रांकासह कळवावा. सुश्रुताचा तो श्लोक भोजाच्या ग्रंथांत ज्या रूपानें आला आहे, त्याहून निराळा पाठ एखाद्या सुताराच्या वा पाथरवटाच्या घरच्या बाडांत आढळल्यास तो जसाच्या तसा, अशुद्धांसकट, उतरून पाठवावा.