साथ ओसरल्यावर उरते ते

साथीच्या रोगांवरील साहित्याची एक रूढ वाट आहे. रोग नगरात शिरतो, भय पसरते, माणसे मरतात, काही थोर मनाची माणसे सेवेस धावतात आणि अखेरीस नगराचे दरवाजे पुन्हा उघडतात. तेथे पुस्तक मिटते. दरवाजे उघडल्यावर बाहेर पडणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न फार थोड्या लेखकांनी विचारला आहे. कॅथरिन ॲन पोर्टर ह्या अमेरिकन लेखिकेची ‘पेल हॉर्स, पेल रायडर’ (१९३९) ही दीर्घकथा अशा थोड्यांपैकी एक होय. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात मृत्यू ज्या फिकट घोड्यावर बसून येतो, त्याच्यावरून हे शीर्षक आले आहे.

कथा १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाची आहे. आपल्याकडील जुनी माणसे त्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. तिने हिंदुस्थानातील एक कोटीहून अधिक माणसे नेली. लेखिका तेव्हा डेन्व्हर शहरातील एका वृत्तपत्रात काम करीत होती. ती मरणाच्या दारातून परतली. केस गळाले आणि पुन्हा आले ते पांढरे. हा अनुभव कथारूपाने प्रसिद्ध व्हायला सुमारे वीस वर्षे लागली. जखम किती खोल होती, हे एवढ्यावरूनच कळावे.

कथेची नायिका मिरांडा हीदेखील वृत्तपत्रातच काम करते. महायुद्धावर निघालेल्या ॲडम नावाच्या तरुण सैनिकावर तिचे प्रेम जडते. ती आजारी पडते, तेव्हा घरमालकीण तिला बाहेर काढू पाहते. ॲडम मात्र तिची शुश्रूषा करतो. दोघे बालपणीच्या प्रार्थना आठवून म्हणतात. पुढे ग्लानीत तिला एक प्रकाशमय प्रदेश दिसतो. ओळखीची सारी जिवंत माणसे तेथे भेटतात आणि अचानक तिच्या ध्यानी येते, की मृतांना आपण विसरलोच! त्या क्षणी ती वेदनेच्या जगात परत येते. ती शुद्धीवर येते तेव्हा बाहेर युद्धसमाप्तीचा जल्लोष चाललेला असतो. बरी झाल्याबद्दल अभिनंदनाची पत्रे आलेली असतात. त्यांत अनोळखी अक्षरातले एक पातळसे पत्र असते. ॲडम छावणीच्या इस्पितळात ह्याच रोगाने वारला, एवढेच त्यात लिहिलेले असते.

पोर्टरबाईंचे खरे सामर्थ्य ह्यापुढील मोजक्या पानांत आहे. त्या अश्रू ढाळीत नाहीत. मिरांडा हातमोजे, मोजे, अत्तर, एक चंदेरी काठी अशा वस्तूंची यादी करते. जगात वावरायचे तर वेष हवा, इतकेच तिला कळते. ज्या प्रकाशातून ती परतली, त्याच्यापुढे हा उजेड तिला निस्तेज वाटतो. पण तसे बोलून दाखवणे शिष्टाचाराला धरून नाही. रोग देहातून गेला, तरी जगण्याची चव घेऊन गेला, हे लेखिकेने एकाही मोठ्या शब्दाविना सांगितले आहे.

तरीही ह्या कथेबद्दल माझी एक तक्रार आहे. बरी होताना मिरांडाला लाजरसाची आठवण येते, पण ती थट्टेच्या सुरात. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय नीट वाचला, तर तेथे एक बारकावा सापडतो. लाजरसाला कबरेतून प्रभूने बोलावले; त्याची प्रेतवस्त्रे सोडण्याचे काम मात्र भोवतालच्या लोकांवर सोपवले. पुढल्याच अध्यायात तो पंक्तीला बसलेला दिसतो. मिरांडाच्या भोवती असे हात नाहीत. परिचारिका प्रेमळ आहे, मित्र फुले आणतात, परंतु ॲडमसाठी तिच्याबरोबर रडणारे कोणी नाही. लेखिकेने हे एकटेपण मानवी नियतीच मानले आहे. मला ती समाजाची उणीव वाटते.

ही तक्रार करताना स्वतःकडे पाहणे भाग आहे. २०२० आणि २०२१ साली आपणही मोजक्या माणसांत, तोंडावर मास्क बांधून दफनविधी उरकले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, परंतु घराघरांतील आणीबाणी तशी संपत नाही. कोणाला जिना चढताना अजून दम लागतो, कोणाला घरच्या कालवणाचा वास येत नाही, कोणाला रुग्णवाहिकेचा आवाज सोसत नाही. माझ्या परिचयाच्या एका भगिनीने पतीचा फोन नंबर आजही पुसलेला नाही. मिस्सा संपल्यावर आपण त्यांना विचारतो, “आता बरे आहे ना?” त्या ‘हो’ म्हणतात. मिरांडाही तेच म्हणाली असती.

ही कथा अवश्य वाचावी. ती वाचल्यानंतर कदाचित तो प्रश्न आपण जरा निराळ्या रीतीने विचारू आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबू.