फराहबाग : कोरड्या तळ्यांतील राजवाडा

शेलूच्या स्टेशनावरून पूर्वेस पाहिलें म्हणजे सह्याद्रीची निळी भिंत दिसते. सोळाव्या शतकांत या भिंतीच्या पलीकडे निजामशाहीची राजधानी अहमदनगर होती, आणि अलीकडे समुद्रकांठीं तिचें बंदर चौल होतें. इराणी घोडे, व्यापारी, मुनशी व पंडित चौलास उतरत आणि कोंकण ओलांडून, घाट चढून देशावर जात. त्यांच्याबरोबर एक वास्तुकल्पनाहि घाट चढून गेली. तिचें आज उभें असलेलें रूप म्हणजे नगरची फराहबाग. आम्हां कोंकणांतील लोकांस ही वास्तु दूरची वाटते. परंतु तिच्याकडे जाणारी वाट आमच्याच मुलुखांतून गेली होती, एवढ्या नात्यावर तिच्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

नगरास (२०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या शहरास) जाणाऱ्या प्रवाशास फराहबागेची ओळख बहुधा एकाच वाक्यानें करून दिली जाते : ‘ताजमहालाची कल्पना येथूनच निघाली.’ या आख्यायिकेस आधार नाहीं हा तिचा लहान दोष होय. मोठा दोष असा कीं, ती पाहणाऱ्याची दृष्टि बिघडविते. ताज मनांत धरून आलेला मनुष्य येथें संगमरवर शोधतो, आणि काळवंडलेला चुना पाहून हिरमुसून परत जातो. दुसऱ्या वास्तूची पूर्वतयारी म्हणून जिची स्तुति होते, तिची स्वतःची परीक्षा कधींच होत नाहीं.

ती परीक्षा आपण करूं. मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत या जागीं आधीं बांधलेला महाल राजाच्या मनास आला नाहीं. तो पाडून वजीर सलाबतखानाच्या देखरेखीखालीं नवा उभारण्यांत आला व १५८३ सालीं तो पुरा झाला. रचना अशी : मोठ्या चौकोनी तळ्याच्या मध्यावर कोपरे छाटलेल्या चौकोनाच्या आकाराची, म्हणजे अष्टकोनी, दुमजली इमारत, मध्यें घुमटाचें उंच दालन, आणि चार दिशांस चार भव्य कमानदार ओसऱ्या, ज्यांस इराणांत ‘ऐवान’ म्हणतात. या आराखड्यास फारसींत ‘हश्त बिहिश्त’, आठ स्वर्ग, असें नांव आहे.

येथें वाचकांनीं एक तारीख ध्यानांत घ्यावी. इस्फहानचा हश्त बिहिश्त राजवाडा, ज्याचें चित्र पाहून आपण इराणी वैभवाची कल्पना करितों, तो १६६९ सालचा आहे. म्हणजे नगरची इमारत त्याहून शहाऐंशी वर्षांनीं वडील! मूळ कल्पना इराणचीच, यांत शंका नाहीं. तबरीझ येथें पंधराव्या शतकांत याच नांवाचा महाल होता, पण तो आतां उरलेला नाहीं. तरी फराहबागेस इस्फहानची गरीब नक्कल समजणें म्हणजे थोरल्या भावास धाकट्याची सावली म्हणणें होय.

शिवाय आराखडा इराणी असला तरी शरीर दख्खनचें आहे. इस्फहानांत विटांची भिंत आणि रंगीत कौलांची झळाळी. येथें दगडाची जाड भिंत व तिच्यावर चुन्याचा गिलावा. रंगाचें काम येथें छायेनें करावयाचें होतें. म्हणूनच कमानींत कमान, कोनाड्यांत कोनाडा अशी खोली वाढवीत नेली आहे. सकाळसंध्याकाळच्या तिरप्या उन्हांत ही योजना उत्तम साधते. भर दुपारीं मात्र छाया नाहींशी होते, आणि चारहि बाजूंस तेंच तें रूप पाहून पाहणारा कंटाळतो, हेंहि कबूल केलें पाहिजे.

परंतु हा दोष वास्तूचा कीं आपला? ती इमारत पाण्यांत उभी राहण्यासाठीं योजिलेली होती. निजामशाहीनें डोंगरांतून खापरी नळांनीं पाणी आणून नगरच्या बागा जगविल्या, हें प्रसिद्धच आहे. ज्या भिंती दुपारीं सपाट दिसतात, त्यांवर तळ्याच्या लाटांचा उजेड नाचावा, आणि ऐवानांतून गार वारा मधल्या दालनांत यावा, हा त्या रचनेचा हेतु उघड दिसतो. आज तळें बहुतेक काळ कोरडें असतें. पाण्यावांचून फराहबाग पाहणें हें साथीवांचून गाणें ऐकण्यासारखें आहे. सूर बरोबर असतात, पण रंग भरत नाहीं.

या राजवंशाचा मूळ पुरुष परभणीकडील पाथरीच्या ब्राह्मण कुळांतला, असें फिरिश्ता लिहितो. मालोजी व शहाजी हे भोसले याच दरबारचे सरदार. तेव्हां ‘परक्यांची इमारत’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरविण्यास आपणांस जागा नाहीं. परंतु आपली आठवण कशी आहे पाहा. नगरजवळच्या डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे. तिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. ज्यानें महाल उभारला त्याच्या कबरीस आपण महाल म्हणतों, आणि त्याच्या खऱ्या महालास ताजमहालाची नक्कलवही!

डॉ. पुष्कर सोहोनी यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत निजामशाही वास्तूंस स्वतंत्र विषयाचा मान दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. मराठींतहि तसें लिखाण व्हावें. आणि जीर्णोद्धाराचा विचार ज्यांच्या हातीं असेल त्यांनीं भिंतीस चुना लावण्यापूर्वीं तळ्याचा विचार करावा, एवढी आमची विनंती. भिंती साडेचारशें वर्षांच्या घरांत टिकल्या आहेत. हरवलें आहे तें पाणी.