परदेशातील बिऱ्हाड आणि आमचे प्रवासवाङ्मय

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास लासूर स्टेशनास सहकुटुंब आला होता. त्यास जर्मनीतील एका कारखान्यात दोन वर्षांची नेमणूक मिळाली होती. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका; तिने बिनपगारी रजेचा अर्ज केला होता. तीन वर्षांची कन्या आमच्या ओसरीवर मांजरामागे धावत होती. निघण्यापूर्वी परदेशवासाविषयी मराठीत काय वाचावे, असे त्याने विचारले, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात आयुष्य गेलेल्या माणसास मराठीविषयी असा प्रश्न क्वचितच विचारला जात असल्याने आम्ही मोठ्या उत्साहाने कपाटातून पाचसहा ग्रंथ काढून त्याच्यापुढे ठेवले. तो ते पाहत असता त्याच्या पत्नीने दोनतीन चाळले आणि सहज विचारले, "सर, ह्यातलं लेकरू घेऊन कोण गेलेलं आहे?"

या साध्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. तो आमच्या मनातून गेला नाही म्हणून हा लेख.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रवास ही एक गोष्ट आणि बिऱ्हाड ही दुसरी. प्रवासी पाहावयास जातो. बिऱ्हाड करणाऱ्यास मात्र शेजारी, घरमालक, शाळा आणि दवाखाना हे सारे पाहत असतात. प्रवाशास राजवाडा कोठे आहे हे कळले की पुरे. बिऱ्हाडकरूस मुलाला रात्री ताप आला तर कोणाचे दार ठोठावावे हे कळावे लागते. त्यातही ठराविक मुदतीच्या बिऱ्हाडाची तऱ्हा निराळीच. तेथे कुटुंब पाहुणे नसते आणि रहिवासीही नसते. कपाट विकत घ्यावे की पेट्यांतच कपडे ठेवावेत, हा प्रश्न दोन वर्षे सुटत नाही. आईबापांच्या दृष्टीने ही मुदत तात्पुरती असते. पण तीन वर्षांच्या मुलास 'तात्पुरते' या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही. त्याच्या आठवणीतील आयुष्याचा मोठा भाग तोच असतो.

आणि हा अनुभव केवळ विमानाने जाणाऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. आमचे गाव मनमाड–संभाजीनगर लोहमार्गावरचे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रोटेगाव मागे टाकून गाडी नगरसोलास आली की इंग्रजांचा मुलूख लागे. १९४७–४८ च्या रझाकारी धामधुमीत मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे लेकराबाळांसह सरहद्द ओलांडून गेली, ती 'थोड्या दिवसांपुरती' म्हणूनच गेली. आजही ऊसतोडीच्या हंगामात नवराबायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते आणि मुलांची शाळा अर्धी सोडून बिऱ्हाड गाडीवर चढते. तेव्हा तात्पुरत्या बिऱ्हाडाचे दुःख आमच्या भाषेस अपरिचित नाही. मग आमच्या परदेशविषयक ग्रंथांत ते का उतरले नाही, हा खरा वाङ्मयीन प्रश्न होय.

आमच्या प्रवासवर्णनाची परंपरा घर मागे ठेवून निघालेल्या पुरुषाची आहे. विष्णुभट गोडसे यांचा १९०७ मध्ये छापून निघालेला 'माझा प्रवास' हा तिचा मानबिंदू. पण ते द्रव्यार्जनासाठी घर सोडून निघालेल्या भिक्षुकाचे वृत्त आहे. पुढे विलायतेस जाणारे विद्यार्थी, वकील, संपादक यांनी हाच साचा चालविला: निरोप, बोट, एडन, लंडन आणि अखेरीस स्वदेशाशी तुलना. मूल घेऊन निघालेली व्यक्ती शोधू गेल्यास, आमच्या वाचनापुरते तरी, आरंभीच एक मोठे नाव आढळते आणि ते स्त्रीचे आहे.

पंडिता रमाबाई १८८३ च्या एप्रिलात मुंबईहून इंग्लंडास निघाल्या, तेव्हा त्यांचे वय सुमारे पंचवीस होते. पती बिपिनबिहारी मेधावी आदल्या वर्षी वारले होते. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्च उभा केला. वाँटेज येथील मठात हे तिघींचे बिऱ्हाड झाले. काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांचा तेथे आत्मघाताने अंत झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात शिकल्या व शिकवू लागल्या; १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या; १८८९ च्या आरंभी मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी त्यांनी शारदा सदन उघडले. त्याच वर्षी त्यांचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची थोरवी आम्ही वारंवार विद्यार्थ्यांस सांगत आलो आहोत, आणि ती आजही तशीच मानतो. राज्यव्यवस्था, कुटुंबस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, उद्योग, स्त्रियांची स्थिती अशा विषयवारीने एका परकी राष्ट्राचा असा पद्धतशीर विचार त्या काळी मराठीत दुसऱ्या कोणी केला असल्यास आम्हांस ठाऊक नाही. जित राष्ट्रातील एका विधवा स्त्रीने पाश्चात्त्य समाजाची परीक्षा करावी, हीच एक विलक्षण गोष्ट. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केल्यावर परदेशातील अभ्यासकांसही त्याचे मोल कळले. परंतु आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीचा प्रश्न मनात ठेवून हा ग्रंथ पुन्हा वाचला तेव्हा जाणवले की यांतील दृष्टी राष्ट्रावर आहे, लेकीवर नाही. अमेरिकन घराची व्यवस्था येथे समजते. आपल्या मुलीचे त्या मुलखात काय झाले, हा या ग्रंथाचा विषयच नाही.

मग ते कोठे सापडते? पत्रांत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्यांत ही आई भेटते. आई चेल्टनहॅमला आणि मूल वाँटेजला, अशी ताटातूट आहे. मुलीस कोणते धर्मशिक्षण द्यावे व ते कोणी ठरवावे, यावरून मठाशी झालेला तीव्र वाद आहे. स्वतः शाकाहारी राहण्याच्या आग्रहास ननांनी जातीचा अभिमान समजावे, याचा संताप आहे. मुलीने इंग्रजी संस्कारांत वाढून आपल्या देशबांधवांस परके मानू नये, ही काळजी आहे. आणि इतके असूनही त्याच जेराल्डीनबाईंस रमाबाई 'आजीबाई' म्हणून संबोधतात! ज्या स्त्रीशी मुलीवरून भांडावयाचे तिलाच मुलीची आजी करून घ्यावयाचे, या एका संबोधनात परदेशातील तरुण बिऱ्हाडाची सारी अडचण सामावली आहे. नात्यावाचून मूल वाढत नाही. नाती मागे राहिलेली असतात. म्हणून तेथे भेटेल त्यास नाते द्यावे लागते, आणि नाते दिले की अधिकारही द्यावा लागतो. तो किती द्यावा, यावर झगडा होतो.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही पत्रे इंग्रजीत आहेत. मराठी वाचकास १८८९ मध्ये लोकस्थिती मिळाली. आईची स्थिती कळण्यास आणखी अठ्ठ्याऐंशी वर्षे जावी लागली, आणि तीही परभाषेतून. रमाबाईंनी मराठीत हे का लिहिले नसावे, याविषयी आमचा तर्क असा की, धर्मांतरामुळे पुण्यामुंबईत उठलेल्या वादळात मुलीचे नाव काढणे म्हणजे विरोधकांच्या हाती शस्त्र देणे होते. तो संयम समजण्यासारखा आहे. पण त्यांच्या मागून आलेल्यांस असे कोणते भय होते?

डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा याच काळातली. त्या १८८३ मध्ये एकट्याच अमेरिकेस गेल्या. गोपाळराव मागाहून पोचले. त्यांचे अर्भक त्यापूर्वीच, त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असता, दगावले होते. त्यांनीही रोझेल येथील कार्पेंटरबाईंस मावशी केले. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिताना पत्रे जोडली, म्हणून थंडीसाठी नेसण्याची पद्धत बदलावी लागण्यासारख्या गोष्टींची आम्हांस किंमत कळली. पार्वतीबाई आठवले यांनी अमेरिकेत परक्या घरी घरकाम करून दिवस काढले. १९२८ च्या 'माझी कहाणी'त परकी संस्कृती स्वयंपाकघराच्या दारातून दिसते. हे दोन्ही ग्रंथ खऱ्या वाटेवर आहेत. पण लेकरू दोन्हींकडे नाही.

'अपूर्वाई'चे काय, असे कोणी विचारील. पु. ल. देशपांडे यांचा हा १९६० चा ग्रंथ आम्हांस अतिशय प्रिय आहे. मराठी मध्यमवर्गाच्या भाबडेपणासकट परदेश पाहण्याची ती कला पुन्हा कोणास साधली नाही, आणि पतिपत्नी जोडीने गेल्यामुळे त्यांत घरगुतीपणाही आला आहे. पण ते पाहुण्यांचे सुख आहे. परतीचे तिकीट जवळ असलेल्याचा तो विनोद आहे. त्यानंतर निघालेल्या शेकडो प्रवासवर्णनांनी 'अपूर्वाई'तील विनोद उचलला, निरीक्षण उचलले नाही. विमानतळावरील फजिती आणि बर्फातील छायाचित्र यांपलीकडे त्यांतील बहुतेक जात नाहीत.

घरगुती तपशील क्षुद्र असतात, त्यांचे वाङ्मय होत नाही, असा आक्षेप आमच्याच पिढीतील विद्वान घेतील. त्यांस एकच उत्तर पुरे: 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचा तो ग्रंथ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाला. तो बव्हंशी बिऱ्हाडे मोडण्याचा आणि मांडण्याचाच इतिहास नव्हे काय? नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी: जेथे जेथे टिळकांची लहर नेईल तेथे लक्ष्मीबाईंनी चूल मांडली, आणि त्या चुलीपाशी मराठी गद्याचा एक श्रेष्ठ ग्रंथ निपजला. अर्थात सामर्थ्य भाषेत आहे. न्यूनता आमच्या अपेक्षेत आहे.

आज हे न्यून अधिक खटकते, कारण आता असे जाणे विरळ राहिलेले नाही. लंडनात महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. तिकडे मुलांसाठी मराठी शाळा भरतात. असंख्य तरुण कुटुंबे दोन वर्षे, पाच वर्षे राहून परततात. नेमणूक बहुधा एकाची असते. दुसऱ्याची नोकरी, ओळख आणि दुपार यांचे काय होते, हे मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदारास मिळणाऱ्या एच-४ परवान्यावर २०१५ पर्यंत पगाराचे काम करता येत नसे. त्या वर्षी काहींस मुभा मिळाली. त्यापूर्वीच्या काळात शिकलेल्या किती मराठी स्त्रियांनी तेथे बंद खिडकीशी दिवस काढले असतील! आणि परतल्यावर ज्या मुलास इकडची बाराखडी येत नाही व तिकडची मैत्रीण आठवते, त्याच्या मनाचा हिशेब कोणी मांडावा?

या उणिवेत आमचाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. पाठ्यपुस्तकांसाठी वेचे निवडताना आम्ही नायगारा निवडला, थेम्सचा पूल निवडला. दूध नासल्याची, शाळेत रडलेल्या मुलाची हकीकत कधी निवडली नाही. स्त्रीने लिहिलेला असा मजकूर 'साधा व प्रांजळ' म्हणून बाजूस सारण्याची सवय आम्हां टीकाकारांस जडली आहे. जे वाचक मागत नाही आणि टीकाकार मोजत नाही, ते कोणी लिहीतही नाही.

त्या दिवशी निघताना आम्ही त्या दोघांस 'स्मृतिचित्रे' आणि रमाबाईंचा पत्रव्यवहार दिला. पत्रव्यवहार मुद्दाम तिच्या हाती दिला. इंग्रजी आहे म्हणून ती किंचित संकोचली, पण सावकाश वाचीन म्हणाली. "आणि वाचून झाल्यावर आम्हांस पत्र लिही," असे आम्ही सांगितले, "लेकराविषयी लिही, आणि मराठीत लिही." ती हसली, वेळ मिळेल की नाही कोण जाणे, असे म्हणाली. ही शंकाही खोटी नाही. लहान मूल सांभाळून, परक्या भाषेत बाजार करून, रात्री कागद पुढे ओढणे सोपे नव्हे. स्वतः रमाबाईंनाही ते मराठीत साधले नाही. गाडी आली तेव्हा मुलगी झोपलेली होती, आणि तिला खांद्यावर घेऊनच आई डब्यात चढली. पत्राची आम्ही वाट पाहत आहो.