एका डोळ्याचा सूड

शमशोनाची गोष्ट म्हटलं की बहुतेकांना दलीला आणि कापलेले केस आठवतात. मी मात्र हिब्रू बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात अडखळतो तो त्याच्या शेवटच्या प्रार्थनेपाशी. पलिष्ट्यांनी त्याचे डोळे काढलेत, गज्जाच्या तुरुंगात बेड्या घालून दळायला बसवलंय, आणि आता दागोनच्या उत्सवात करमणुकीसाठी उभं केलंय. हात धरून नेणाऱ्या पोराला तो म्हणतो, मला खांब चाचपू दे. इथून पुढे त्याचा निर्धार पक्का आहे. पण निर्धार कशाचा?

नेहमीचं उत्तर: पश्चात्ताप, आणि लोकांसाठी बलिदान. मला ते वरून चिकटवलेलं वाटतं. प्रार्थनेत पश्चात्तापाचा शब्द नाही, इस्राएलचं नावही नाही. देवाने आठवण ठेवावी, एवढ्या एका वेळी बळ द्यावं, म्हणजे डोळ्यांचा सूड घेता येईल. बस्स.

त्यातही एक गंमत आहे (गंमत म्हणवत नाही खरं तर). बरीच भाषांतरं 'दोन डोळ्यांसाठी एकच सूड' असा अर्थ लावतात. पण हिब्रूत सूडाचा शब्द पुल्लिंगी आहे, आणि इथे 'एक' स्त्रीलिंगी रूपात येतो: 'अहत'. डोळ्याचा शब्द 'अयिन' स्त्रीलिंगी. शिवाय पारंपरिक पाठात सूडाचा शब्द 'अमक्याचा सूड' अशा जोडरूपात आहे. म्हणजे सरळ वाचन होतं 'दोनपैकी एका डोळ्याचा सूड'. मराठीत सूड आणि डोळा दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळे हा धागा आपल्याला दिसतच नाही. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी मात्र असंच वाचतो: एका डोळ्याचं इथे चुकतं कर, दुसऱ्याचं परलोकासाठी राहू दे. परलोकाचं मला पटत नाही. पण एवढा विध्वंस करूनही अर्धीच भरपाई होणार, हे शमशोनाला ठाऊक आहे, असं या वाचनात दिसतं. आता ही प्रार्थना क्षुद्र वाटत नाही, भयंकर वाटते.

मग बदललं काय? त्याची दुसरी एकच प्रार्थना आहे, पंधराव्या अध्यायात. तिथे विजयाचं श्रेय तो देवाला देतो आणि लगेच तक्रार करतो, आता काय तहानेने मरू आणि शत्रूच्या हाती पडू? शेवटी तो शत्रूच्या हाती पडलेलाच आहे, आणि त्यांच्यासोबतच मरण मागतो. हेतू उदात्त झालेला नाही, उलट आणखी खासगी झालाय. मरणाची भीती तेवढी गेली.

मिल्टनने 'सॅमसन अगोनिस्टिस'मध्ये (1671) ही अडचण टाळली. त्याचा दूत सांगतो, की सॅमसन मान खाली घालून उभा होता, प्रार्थना करत असावा किंवा काही मोठ्या विचारात असावा. प्रार्थनेचे शब्द नाहीतच. स्वतः आंधळ्या झालेल्या कवीने नेमका डोळ्यांचाच उल्लेख गाळावा! त्याचा नायक त्यामुळे भारदस्त होतो, पण मला मूळचा जास्त खरा वाटतो.

मूळ निवेदक स्पष्टीकरण देत नाही. छतावर सुमारे 3000 माणसं होती असं सांगतो, आणि मरताना त्याने मारलेले जिवंतपणी मारलेल्यांपेक्षा जास्त होते, अशी नोंद करतो. सुटका झाली असं कुठेही म्हणत नाही. शमुवेलच्या पुस्तकात पलिष्टी आहेतच.