ओहोळावरचा तवंग तेलाचा नव्हे

खडकांची झीज शिकवताना आपण बहुधा ऊन, वारा, पाऊस यांच्यापाशी थांबतो. विज्ञानविषयक लेख वाचावेत, तर ते थेट दुसऱ्या टोकाला, म्हणजे ‘धातू खाणाऱ्या जिवाणूं’पाशी आणि परदेशातील तांब्याच्या खाणींपाशी जातात. आमचा आक्षेप दोहोंनाही आहे.

लोणावळ्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक, लोहाने समृद्ध. पण लेखांतून गाजलेला ‘थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स’ (२००० सालापासून ‘ॲसिडिथायोबॅसिलस’) येथे उपाशीच मरेल. त्याला गंधकयुक्त खनिजे आणि तीव्र आम्ल लागते. मावळात दोन्ही नाहीत.

आणि केवळ पाऊस? तो सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू धुऊन नेतो. फेरिक लोह मात्र हवा मिसळलेल्या साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून तर ते मागे उरते आणि माती तांबडी होते. मग पावसाळ्यात भातखाचराच्या बांधातून पाझरणाऱ्या पाण्यात विरघळलेले लोह येते कोठून?

खाचरात पाणी साचले की काही दिवसांतच चिखलातील ऑक्सिजन संपतो. तेथील काही जिवाणू मग ऑक्सिजनऐवजी फेरिक लोहावर श्वसन भागवतात. त्याचे क्षपण होऊन विरघळणारे फेरस लोह बनते. लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरसही सुटतो आणि भाताला मिळतो. मावळच्या भाताचे हे देणे कोणत्या धड्यात आहे?

पाझर उघड्यावर आला की हवा लागून फेरस लोहाचे पुन्हा फेरिक होते. नारिंगी गाळ बसतो, वर इंद्रधनुषी तवंग दिसतो. सहलीतील मुले विचारतात आणि उत्तर मिळते, ‘गाडीचे तेल असेल.’ काडीने हलवून पाहावे. तेलाचा तवंग पुन्हा जुळतो. हा काचेसारखा तुकडे होऊन फुटतो.

उघड्या कातळावर निराळेच कारागीर असतात. करड्या ठिपक्यांसारखे वाढणारे शैवाक (गोड्या मसाल्यातले दगडफूल याच जातकुळीचे) ऑक्झॅलिक आम्लाने खनिजांतील धातू सोडवतात.

शिक्षकांनी वर्गात दोन बाटल्या ठेवाव्यात. दोहोंत तांबडी माती, चिमूटभर साखर आणि काठोकाठ पाणी, बूच सैल. एकीतली माती आधी लागोपाठ दोन दिवस कुकरमध्ये वाफवलेली, पाणी उकळून गार केलेले. काही आठवड्यांत कोणती माती राखाडी पडते, ते मुलांनाच नोंदवू द्यावे.