पांडुलिपीचें लक्षण आणि सरकारी साहाय्य

केंद्र सरकारच्या संस्कृति मंत्रालयानें फेब्रुवारी २००३ मध्यें राष्ट्रीय पांडुलिपि मिशन ही योजना सुरू केली. देशांत विखुरलेलीं हस्तलिखितें शोधून त्यांची नोंद करावी, त्यांचें रक्षण करावें, प्रतिमा घेऊन ठेवाव्या आणि अप्रकाशित ग्रंथ प्रसिद्ध करावे, असे तिचे हेतु ठरले. पुढें २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत ‘ज्ञानभारतम्’ या नांवानें हेंच कार्य मोठ्या प्रमाणावर हातीं घेण्याचें जाहीर झालें. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व रक्षण हें उद्दिष्ट सांगण्यांत आलें, आणि साडेतीन कोटी रुपयांची वार्षिक तरतूद साठ कोटींवर गेली. जुन्या पोथ्यांसाठीं सरकारनें इतका हात सैल करावा, ही आमच्यासारख्यांस आनंदाचीच गोष्ट होय. परंतु द्रव्य वाढलें म्हणजे तें कोणत्या वस्तूवर खर्च व्हावयाचें हें ठरविणाऱ्या शब्दांकडेही अधिक बारकाईनें पाहणें प्राप्त होतें. मिशननें पांडुलिपीचें जें लक्षण केलें, त्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम, ज्याचें श्रेय त्यास. मुंबई सरकारनें १८६६ मध्यें संस्कृत हस्तलिखितें जमविण्यास आरंभ केला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर या विद्वानांनीं पोथ्या मिळवून एका ठिकाणीं आणिल्या, आणि तो संग्रह १९१८ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. त्या पद्धतीनें पोथी वांचली, पण ज्या घरांत ती होती त्या घराशीं तिचा संबंध तुटला. मिशननें निराळा मार्ग धरला. पोथी जेथें आहे तेथेंच राहूं द्यावी, आणि नोंदीचें व डागडुजीचें काम त्या त्या प्रांतांतील चालत्या संस्थांना साहाय्य देऊन त्यांच्याकडून करवावें, हा तो मार्ग. नव्या इमारती उभारण्यापेक्षां जुन्या संस्थांना बळ देणें हें शहाणपणाचें आहे. जुन्या लिप्या शिकविण्याचे वर्गही मिशननें चालविले. सरकारनें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें सुमारें ५२ लाख हस्तलिखितांची माहिती गोळा झाली व सुमारें साडेतीन लाखांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. म्हणजे नोंदलेल्या पंधरांत एकाची प्रतिमा झाली. हें प्रमाण थोडें आहे खरें, पण ती उणीव द्रव्यानें व काळानें भरून निघेल. लक्षणांतला दोष तसा भरून निघत नाहीं. उलट द्रव्य वाढेल तसा त्याचा परिणामही वाढतो.

मिशनच्या व्याख्येचा आशय असा: कागद, भूर्जपत्र, ताडपत्र, कापड, धातु इत्यादिकांवर हातानें लिहिलेली, किमान ७५ वर्षांची, आणि शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा सौंदर्याच्या दृष्टीनें महत्त्वाची रचना ती पांडुलिपि. छापील पुस्तकें ती नव्हेत, शिळाप्रेसवर छापलेलींही नव्हेत. येथवर कोणाची तक्रार नसावी. पुढें मात्र असें म्हटलें आहे कीं शिलालेख, फर्मानें, महसुली कागद यांसारखीं ऐतिहासिक साधनें पांडुलिपींहून वेगळीं; कारण पांडुलिपींत ज्ञान असतें.

तर्कशास्त्राच्या आरंभींच लक्षणाचे तीन दोष शिकवितात: अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव. गाईचें लक्षण ‘कपिल रंगाची’ असें केलें तर पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते, ही अव्याप्ति. प्रस्तुत लक्षणांत ‘ज्ञान’ या पदानें तेंच झालें आहे. शास्त्र, काव्य, पुराण हें ज्ञान, आणि महजर, निवाडा, जमाखर्च, पत्रव्यवहार हें ज्ञान नव्हे, ही विभागणी कोणत्या प्रमाणावर उभी आहे? दायभागाचे नियम निबंधग्रंथांत मिळतील. पण ते गोतसभेनें प्रत्यक्ष कसे लावले, कोठें वांकविले, हें महजरावांचून कळत नाहीं.

एकच उदाहरण घेऊं. रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचें. तें बाह्यरूपानें राजाज्ञा आहे. आंत दुर्ग, आरमार, सावकार, वतनें यांचा विचार असल्यामुळें राजनीतीचा ग्रंथ आहे. या लक्षणाप्रमाणें तें फर्मानांत घालावें कीं पांडुलिपींत? उलट बाजूनें जयराम पिंड्ये याचें राधामाधवविलासचंपू पाहावें. तें काव्य खरें. पण राजवाड्यांनीं १९२२ मध्यें तें प्रसिद्ध केलें तें मुख्यतः शहाजीराजांच्या काळाचें साधन म्हणून. महिकावतीच्या बखरींत तर गद्य, पद्य आणि वंशावळी एकत्रच आहेत. ग्रंथ आणि साधन या दोन जाति नसून एकाच वस्तूकडे पाहण्याच्या दोन दृष्टि आहेत, असें यावरून दिसेल. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापणाऱ्या राजवाड्यांनींच पाटांगणची ज्ञानेश्वरीची पोथीही १९०९ मध्यें प्रकाशांत आणिली, हें विसरून चालणार नाहीं.

ही अडचण मराठी मुलुखांत सर्वांत अधिक जाणवते, कारण येथें पोथीच्या जोडीला बाड आहे. आमच्या पाहण्यांत आलेल्या बाडांत आरंभीं अभंग, मध्यें औषधांचे पाठ, मग कोणाचें तरी देणें-घेणें, एखादी शकावली, आणि शेवटीं घराण्याची वंशावळ असा क्रम पुष्कळदां आढळतो. मिशनच्या नोंदपत्रकांत ग्रंथनाम, ग्रंथकार, टीका, टीकाकार, लिपि, पत्रसंख्या अशीं कलमें आहेत. बाडास ग्रंथनाम कोणतें द्यावें? अभंगाच्या पानांची नोंद करावयाची आणि हिशेबाचीं पानें सोडावयाचीं, तर एकाच शिवणीच्या वहीचे कागदावर दोन तुकडे होतात. आणि हिशेबाचें पान गेलें कीं अभंग कोणत्या घरांत व कोणत्या सालीं लिहिले गेले हें सांगणारा साक्षीदारही जातो.

यावर असें उत्तर येईल कीं कागदपत्रांसाठीं अभिलेखागारें आहेत. तें अर्धेंच खरें. पेशवे दफ्तर सरकारच्या ताब्यांत आहे म्हणून सुरक्षित आहे. परंतु १९९३ चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश व त्यांच्या अखत्यारींतील संस्था यांच्या कागदांपुरता आहे. देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचा रुमाल त्यांत येत नाहीं. तो अभिलेखागाराचा नव्हे, कारण तो खासगी; आणि मिशनचा नव्हे, कारण तो ‘ज्ञान’ नव्हे.

गंमत अशी कीं आमच्याच कायद्याचा पाठ याहून शुद्ध आहे. पुरावस्तूंविषयींच्या १९७२ च्या कायद्यांत हस्तलिखित, अभिलेख किंवा अन्य लेख असे तिन्ही शब्द एका पंक्तीस बसविले आहेत, आणि त्यांच्या महत्त्वाच्या प्रकारांत ‘वाङ्मयीन’ हाही शब्द आहे. मिशनच्या व्याख्येंतली ७५ वर्षांची मर्यादा याच कायद्यांत आहे. पण अभिलेख व लेख हे शब्द व्याख्येंतून गळाले, आणि ‘वाङ्मयीन’ही गळाला. पाठशुद्धीची संवय असलेल्या वाचकास मूळ पाठ कोणता व भ्रष्ट कोणता हें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, एखाद्या केंद्रानें उदारपणें मोडी कागदांचीही नोंद केली असेल. केली असल्यास तें त्या केंद्राचें पुण्य, नियमाचें नव्हे. नियमाप्रमाणें वागणारा पाहणीदार एखाद्या घरीं गेला, त्यानें पोथ्या मोजल्या, रुमाल बाजूस सारला आणि तो निघून गेला, तर घरधन्यानें काय समजावें? दिल्लीच्या माणसानें पाहिलें आणि निरुपयोगी ठरविलें, हेंच. आजपर्यंत केवळ अज्ञानानें रद्दींत गेलेले कागद यापुढें सरकारी निवाड्यानें रद्दींत जातील. मोडी जाणणारीं माणसें आधींच थोडीं; हे कागद एकदां गेले तर त्यांत काय होतें हेंही कोणास कळणार नाहीं.

म्हणून नव्या योजनेच्या चालकांपुढें आम्ही तीन सूचना मांडतों. पहिली, १९७२ च्या कायद्यांतील तिन्ही शब्द व्याख्येंत परत घ्यावे. दुसरी, नोंदीचें परिमाण ‘ग्रंथ’ न धरतां ‘बांधणी’ धरावें: पोथी असो, बाड असो कीं रुमाल, जसें बांधलेलें सांपडलें तसें नोंदावें आणि आंतील प्रकरणांची यादी त्याखालीं द्यावी. तिसरी, साहाय्याचा कांहीं भाग प्रतिमा घेणाऱ्या यंत्राकडून काढून वाचणाऱ्या माणसाकडे वळवावा. मोडी वाचून एका रुमालाची यादी करणाऱ्यास योग्य वेतन मिळालें पाहिजे. यादीवांचून प्रतिमा म्हणजे दिव्याच्या उजेडांत ठेवलेली कुलूपबंद पेटी.

नव्या योजनेनें आपल्या नांवांतच ज्ञान हा शब्द घेतला आहे. त्या शब्दाचा अर्थ ती किती विस्तृत करिते, यावर आमच्या माळ्यांवरच्या रुमालांचें भवितव्य अवलंबून आहे.