तिखट कमी करू का?

समीक्षा करायला विद्वत्ता लागते, असा एक गैरसमज विद्वानांनी पसरवून ठेवला आहे. पुस्तकांच्या बाबतीत तो खरा असेलही. पण जेवणाच्या समीक्षेला दोनच गोष्टी लागतात : भूक आणि बिल. पैकी पहिली माझ्याकडे जन्मापासून आहे आणि दुसरं दर वेळी माझ्याच पुढ्यात येऊन पडतं. शिवाय मी बी. कॉम. आहे. गेली वीस वर्षं गोंदियात बँकेच्या खिडकीमागे बसून मी जमा आणि नावे यांखेरीज दुसऱ्या नजरेने जगाकडे पाहिलेलं नाही. तेव्हा पुढची समीक्षा याच पद्धतीने होईल, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

निमित्त झालं भाच्याचं. तो ह्यूस्टनला असतो. दोन आठवड्यांच्या रजेवर आला, आठवडाभर मामीच्या हातचं वरण-भात खाल्लं आणि मग एका संध्याकाळी म्हणाला, "मामा, आमच्याकडे केजन-क्रिओल हॉटेलं असतात. काय धमाल असते! टेबलावर कागद अंथरतात आणि त्यावर उकडलेल्या क्रॉफिशचा ढीग ओततात. ताट नाही, चमचा नाही. कोपऱ्यात बॅन्ड वाजत असतो, लोक मध्येच उठून नाचतात. आणि तिखट! नाक वाहायला लागतं."

क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्याचा चुलतभाऊ, हे कळल्यावर मी पुढची चौकशी केली. केजन म्हणजे कोण? तर कॅनडात आज जिथे नोव्हा स्कॉशिया आहे, तिथल्या अकेडियातले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारासकट हाकललं. त्यातले पुष्कळजण फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीत येऊन राहिले आणि 'अकेडियन'चं झिजून 'केजन' झालं. क्रिओल म्हणजे न्यू ऑर्लिन्स शहरातला मेळ : फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी, सगळ्यांचं एका भांड्यात शिजलेलं. त्यांचा एक प्रसिद्ध रस्सा आहे, गम्बो. हा शब्द आफ्रिकेतल्या बांटू भाषांतून आला आणि त्याचा मूळ अर्थ भेंडी.

"भेंडी?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "विमानाचं भाडं भरून तिकडे जायचं, आणि खायची काय, तर भेंडी!"

इतकंच नव्हे, तिथल्या झायडेको नावाच्या संगीताचं नावही शेंगांच्या फ्रेंच नावावरून पडलं, असं सांगतात. ज्या मुलखात गाण्यालासुद्धा भाजीचं नाव देतात, तो मुलूख मला एकदम घरचा वाटू लागला. मी म्हटलं, "अरे, हे सगळं आपल्या गोंदियात आहे. फक्त बॅन्ड नाही. चल, उद्या सावजी खाऊ."

"मीही येणार," सौ. म्हणाली.

इथे एक कबुली द्यायला हवी. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हिला मी कधी सावजी भोजनालयात नेलेलं नाही. तिथे बायका जात नाहीत, असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. त्यात तेव्हा थोडं तथ्य होतं आणि माझी पुष्कळ सोय होती. मार्चअखेरच्या ज्या 'मीटिंगा' रात्री दहापर्यंत चालत, त्यांतल्या बऱ्याचशा याच भोजनालयात चालत. ही नावेची बाजू एवढी वर्षं मी ताळेबंदात दाखवलीच नव्हती.

आता सावजीविषयी. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातल्या विणकरांचं हे जेवण. नागपुरात १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि हातमागाच्या पोटावर पाय आला. पुढे गिरण्यांचेही दिवस भरले. तेव्हा घरचं जे चार पैसे मिळवू शकेल असं एकच उरलं होतं, बायकांच्या हाताची चव. घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकं टाकली, आतून ताटं येऊ लागली आणि भोजनालय झालं. नागपूर ते गोंदिया रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. तेवढं अंतर ती चव सहज चालून आली.

आणि आमचं गाव तरी काय! १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून जिल्हा झाला. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. इथला माणूस मराठीत भाव विचारतो, हिंदीत घासाघीस करतो, पोवारीत चिडतो आणि शेजाऱ्याशी छत्तीसगढीत समेट करतो. क्रिओल म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं?

तर आम्ही तिघं गेलो. समीक्षेला सुरुवात.

प्रथम वातावरण. बॅन्ड नाही असं मी म्हणालो होतो, ते चूक होतं. स्टीलच्या ताटांचा खणखणाट, "दोन नंबरला मटन, चार नंबरला खूर!" हा पुकारा, पंख्याची कुरकुर, आणि दर पाच मिनिटांनी कुणाला तरी लागणारा ठसका, असा ताल पक्का होता. कुणी नाचत नव्हतं, पण एका पाहुण्याला सुंदरीचा पहिला घास घेतल्यावर मी उभं राहिलेलं पाहिलं.

मग रस्सा. वरती लाल तर्रीचा थर, खाली काळपट दाट मसाला. सावजी एकदम अंगावर येत नाही. आधी मिऱ्याची ऊब लागते, मग धणे आणि दगडफुलाचा वास येतो, मग खसखशीचा गुळगुळीतपणा. आणि माणूस बेसावध झाला की मागच्या दाराने मिरची येते. भाच्याने पाण्याचा तांब्या उचलला. त्याने उपयोग होत नाही, कारण मिरचीतला दाह पाण्यात विरघळत नाही, तो स्निग्धात विरघळतो, उपाय दुधा-दह्याचा. मिरची मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणली. म्हणजे ही तिकडचीच उधारी. त्या रात्री आम्ही ती भाच्याच्या हाती व्याजासकट परत केली.

हिचा गुरुवार होता म्हणून तिने पाटोडी रस्सा घेतला. बेसनाच्या वड्या त्याच मसाल्याच्या रश्श्यात. दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "मीटिंगा बऱ्या होत्या की तुमच्या." समीक्षा याहून तिखट होत नाही.

नावेची बाजूही सांगितली पाहिजे. भात वाईट होता. ज्या गावात जिकडे पाहावं तिकडे राईस मिल, ज्या भागात चिन्नोर पिकतो, तिथे ताटात गोळा झालेला भात यावा, हे म्हणजे बँकेत सुटे पैसे नसण्यासारखं आहे. (ते नसतात, ही गोष्ट वेगळी.) दुसरं, बेसिनजवळचा टॉवेल. त्याविषयी मी एवढंच म्हणेन, की जिल्हा झाला तेव्हा तो नवा असावा.

बडीशेप आली तसे मालक आले. "साहेब, एक विचारू का जी?"

मी मान हलवली.

"कर्ज काढतो म्हणतो. एसी, सोफे, काचेचं दार. भोजनालयाचं फॅमिली रेस्टॉरंट करू. चायनीज, पंजाबी सगळं. पोरगा म्हणते, बाबा, तिखट कमी करा, नाहीतर बाहेरचे लोक येणार नाहीत. हे अमेरिकेतून आले ना? तुम्ही सांगा भाऊ, तिखट कमी करू का?"

नाव बदलण्याविषयी मला बोलण्याचा अधिकार आहे. आम्हा कारकुनांना हल्ली 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. खिडकी तीच, शाईचे डाग तेच. पण तिखटाच्या प्रश्नावर आम्ही दोघंही गप्प झालो. तेवढ्यात लक्षात आलं, की सौ. जागेवर नाही.

ती आत चुलीजवळ होती. मालकांची आई खाली बसून लोखंडी कढईत खोबरं भाजत होती आणि ही तिच्या शेजारी बसून मसाल्याचं माप विचारत होती.

"माप कायचं वो बाई," म्हातारी म्हणाली. "हात सांगते. मिरची त कोनीबी टाकते. भाजनं आलं पाह्यजे. घाई केली का कडू होते, सोडून देलं का कच्चं राह्यते."

बाहेर आल्यावर हिने सांगितलं, "मिरची मी ठेच्यात घालते त्याहून काही फार नाही हो. जे आहे ते भाजण्यात आहे. दीड तास बसतात त्या."

भाचा एकदम म्हणाला, "मामी, गम्बोचं तेच आहे! पीठ आणि तेल तपकिरी होईस्तोवर ढवळत उभं राहावं लागतं. हात थांबला की करपलं."

मला जमाखर्च तिथे जुळला. केजन काय आणि कोष्टी काय, दोघांचंही राहतं घर नाहीतर हातातलं काम गेलं होतं. चांगलं मांस घ्यायला पैसा नव्हता; म्हणून तिकडे दलदलीतला क्रॉफिश, इकडे खूर आणि आतडी. खिशात नव्हता तो पैसा त्यांनी वेळाने भरून काढला. आपण ज्याला तिखट म्हणतो, तो बराचसा कुणाचा तरी चुलीपुढे बसलेला वेळ असतो.

मालकांना मी म्हटलं, "तिखटाचं राहू द्या. आईनंतर भाजणार कोण?"

ते हसले. मग हसायचे थांबले. "सून नोकरी करते. पोराला कढई माहीत नाही. पॅकेटचा मसाला मिळते म्हणते तो."

कर्जाच्या अर्जात एसीला रकाना आहे, सोफ्याला आहे, काचेच्या दारालाही आहे. त्या म्हातारीचा हात कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मला बी. कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. मी कारकून आहे. माझं काम कागद क्रमाने लावायचं. कर्ज वरचे लोक देतील किंवा देणार नाहीत. मी त्यांना एवढंच सांगितलं, की कागद घेऊन या, पण त्याआधी पोराला रोज दीड तास आजीशेजारी बसवा. या धंद्यातलं खरं तारण तेच आहे.

बिल अर्थातच माझ्या पुढ्यात आलं. मी पाकीट काढलं, तर हिने ते अडवलं आणि मालकांना विचारलं, "पुढच्या गुरुवारी आजी कढई किती वाजता ठेवतात?"

आता दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या हिची मीटिंग असते. रात्री दहापर्यंत चालते. मी घरी वरण-भात लावतो.